चौऱ्याहत्तर नंबरची चौकशी

माझ्यावर संशयी असल्याचा आरोप आहे. नवरा करतो, मुलगी करते, भिशीतल्या बायका पाठीमागे करतात. करू देत. औषधाच्या कंपनीत माझी नोकरीच ती आहे. वरून सगळ्या गोळ्या सारख्या दिसतात, त्यातली कुठली बिघडलेली आहे ते मी शोधून काढते, आणि सापडली नाही तर पुन्हा तपासते. सगळं ठीक आहे असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात. त्यामुळे ऑक्टोबरात रुपालीचा फोन आला आणि ती अगदी सहज सुरात म्हणाली, "आई, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी मी वेंडेलला जेवायला आणतेय, ओके?" तेव्हा मी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसले.

"कोण वेंडेल?"

"वेंडेल टिलरी. माझा फ्रेंड. फुटबॉल खेळतो."

रुपाली आमची एकुलती एक. आम्ही इथं अमेरिकेत कॅरी नावाच्या गावात राहतो आणि ती इथून तासाभरावरच्या कॉलेजात शिकते. मित्र तिला पुष्कळ होते, पण कुणाला जेवायला आणायची तारीख दीड महिना आधी कधी ठरली नव्हती. मी काय ते समजले.

"फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा तो?" आतल्या फोनवरून राजारामनं विचारलं. राजाराम म्हणजे माझा नवरा. नागपूर सुटलं तसं 'अहो'ही सुटलं.

"नो बाबा, अमेरिकन फुटबॉल. तो डिफेन्सिव्ह लाइनमन आहे. टू सेव्हन्टी पाउंड्स!"

"आणि म्हणजे... कुठला आहे?"

"इथलाच. ब्लॅक आहे, बाबा. तेच विचारायचं होतं ना?"

राजाराम ओशाळला आणि त्यानं फोन ठेवून दिला. मी ठेवला नाही, पण खोटं कशाला बोलू, संशय माझ्याही मनात आला. तो रंगामुळे आला, वजनामुळे आला की त्या तारखेमुळे, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. लोकांना विचारायचंच इतकं होतं.

आमच्याकडे मुलीसाठी स्थळ आलं की चौकशी होते. माझ्या वेळी माझा मामा अमरावतीला जाऊन राजारामच्या घरासमोरच्या पानठेल्यावर दिवसभर ठिय्या मारून बसला होता. मुलगा पितो का, पत्ते कुटतो का, मित्र कसले आहेत, कुणाचं देणं आहे का, काही दुखणंखुपणं आहे का, सगळं विचारून आला. आणि यात पहिली शिस्त अशी की आपण कोण आणि कशासाठी विचारतोय याचा थांग लागू द्यायचा नाही. सांगितलं की लोक एक तर तोंड फाटेस्तोवर कौतुक करतात, नाहीतर मुद्दाम मोडता घालतात. खरं कळायचं तर न सांगता विचारावं लागतं.

इथं मामा कुठून आणणार? म्हटलं, आपणच निघावं.

"शरयू, अगं येईल ना तो घरी, तेव्हा बघ," राजाराम म्हणाला.

"घरी आलेला माणूस काय दाखवायचं तेच दाखवतो."

"मग काय करायचंय?"

"त्याला कळू न देता बघायचंय. तिकिटं काढ."

मॅच शनिवारी दुपारी होती. रुपालीला पत्ता लागू दिला नाही. ती कॉलेजच्या पोरांबरोबर पलीकडच्या बाजूला बसायची, आम्ही अलीकडे उंचावर. राजारामनं पक्षी बघायची दुर्बीण आणली होती आणि लायब्ररीतून खेळाच्या नियमांचं पुस्तक. पोरगा चौऱ्याहत्तर नंबरचा. दिसला लगेच, न दिसायला काय झालं, कपाटाएवढा होता.

अर्धा तास मी पाहिलं. चेंडू सुटला की हा समोरच्या दोघांच्या अंगावर जाई, तिघंही ढिगाऱ्यासारखे कोसळत, आणि मागून कुणी सडपातळ पोरगा येऊन चेंडूवाल्याला आडवा करी. भोंग्यावर नाव त्या पोराचं. टाळ्या त्याला. चौऱ्याहत्तरचं नाव काही कुणी घेईना.

"याला ठेवलाय कशाला मग?" मी म्हटलं.

राजारामनं पुस्तकात बोट घातलं. "अगं, याचं काम दोघांना अडकवून ठेवायचं. हा दोघांना धरून ठेवतो म्हणून मागचा मोकळा सुटतो."

"म्हणजे मार यानं खायचा आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात."

"तसंच काहीसं."

"एक तर भोळा सांब असेल, नाहीतर पक्का मुरलेला असेल. फुकट मार खाणारा माणूस मी अजून पाहिला नाही."

राजाराम चेंडूकडे बघायला लागला, सगळं स्टेडियम चेंडूकडेच बघत होतं. मी दुर्बीण याच्यावरून हलवली नाही. गोळ्या तपासताना मी तेच करते, डब्यावरच्या चित्राकडे बघत नाही. आणि मग मला ते दिसलं. पडला की उठताना हा आधी डावा पाय रोवायचा आणि उजवा मागून ओढून घ्यायचा. दर वेळी तसंच. मध्यंतरात सगळे कपडे बदलायच्या खोल्यांकडे उतारावरून पळत गेले, हा मागे राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि तिरका तिरका उतरला, माझी सासू शेवटी शेवटी जिना उतरायची तसा. कोच जवळ आला मात्र, लगेच दोन्ही पायांवर ताठ उभा.

गुडघा दुखावला होता आणि पोरगा लपवत होता. मला आनंद झाला, सांगून टाकते. सापडलं एकदाचं, असं झालं मला.

राजारामला मी बोलले नाही. तो 'बिचारा' म्हणाला असता आणि घरी पोचायच्या आत रुपालीला फोन केला असता. हे हुकमाचं पान मला त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर टाकायचं होतं, रुपालीच्या समोर. जो आपल्या कोचला रोज फसवतो तो उद्या तुला फसवणार नाही कशावरून, एवढं एक वाक्य मी मनात घासूनपुसून ठेवलं. मुलगी हातची जायची की राहायची ते त्या वाक्यावर होतं, अशी माझी खात्री होती.

पुढच्या शनिवारीही गेलो. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तो पाय थोडा जास्त ओढला जात होता, आणि माझा मुद्दा पक्का होत चालला होता.

मधल्या दिवसांत मी लवकर सुट्टी घेऊन कॉलेजच्या गावात जायची. आधी त्याच्या घरमालकिणीकडे गेले, खोली भाड्यानं आहे का असं विचारत. मग बोलता बोलता, वर तो मोठा मुलगा राहतो तो कसा आहे हो? पितो का? रात्री कोण येतं-जातं? बाई म्हणाली, "वेंडेल? माझं गवत तोच कापतो, मी सांगितलेलं नसताना." मग तो केस कापतो त्या दुकानात राजारामला पाठवलं. राजाराम केस कापून आला आणि म्हणाला, "मुलगा चांगला आहे. वडील गावी शाळेत गणित शिकवतात. हा दर रविवारी चर्चमध्ये गातो." मी म्हटलं, तुला केस कापायला पाठवलं नव्हतं, जुगार खेळतो का ते विचारायला पाठवलं होतं. बिचारा पुन्हा गेला आणि विचारून आला. खेळत नाही म्हणे.

तो सकाळी खायला जातो त्या हॉटेलात मी स्वतः बसले. वाढणारी बाई गोड होती, मला 'हनी हनी' करत होती. मी विचारलं, त्याच्यावर कुणाची उधारी आहे का? मित्र कसले? हल्ली लंगडतो का, काही दुखतंय असं म्हणाला का कधी?

"तुम्हाला कशाला हवंय, हनी?"

"असंच."

तिनं कॉफी ओतायची थांबवली आणि खिडकीतून आमच्या बेज टोयोटाकडे पाहिलं. मला वाटलं, गाडी आवडली असेल.

वाईट असं कुणीच काही बोललं नाही, आणि त्यानंच मी जास्त धास्तावले. शंभर जणांत दोघं तरी निंदा करतात, ही जगरहाटी आहे. ज्याची निंदाच नाही त्याची काहीतरी मोठी गोष्ट दाबलेली असते. "इतका चांगला कुणी असतो का?" मी राजारामला विचारलं. तो म्हणाला, "माझीही निंदा कुणी केली नव्हती." मी म्हटलं, "मामानं काय काय ऐकून आणलं होतं ते तुला सांगितलं नाही म्हणून."

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, सोमवारी, रुपालीचा फोन आला. रडत होती. शनिवारी वर्षातली शेवटची मॅच, धंदेवाईक संघांचे लोक खास वेंडेलला बघायला येणार होते, आणि कॉलेजनं त्याला संघाबाहेर बसवलं होतं. कुणी परदेशी नवराबायको महिनाभर गावात त्याच्याबद्दल विचारत फिरताहेत म्हणे. पितो का, जुगार खेळतो का, कर्ज आहे का, दुखापत आहे का. असं कोण विचारतं? मॅचवर पैसे लावणारे. त्यांच्याशी वेंडेलचं काय साटंलोटं आहे याची चौकशी पूर्ण होईपर्यंत तो खेळणार नव्हता.

"बेज टोयोटा, आई," रुपाली म्हणाली. "बाई साडीवर स्वेटर घालते."

मी अंगातला स्वेटर काढून ठेवला.

"उद्या सकाळी कॉलेजात येऊन त्यांना सांग तू कोण आहेस ते. नाही आलीस तर मी घरी येणार नाही. संडेला नाही, ख्रिसमसला नाही. आय मीन इट."

गेलो. राजारामला बाहेर बाकावर बसवलं, तो आत आला असता तर सगळ्यांची माफी मागत बसला असता. आत कॉलेजतर्फे ही चौकशी करणारे मिस्टर कीन नावाचे गृहस्थ होते, आधी पोलिसात होते असं कळलं, आणि तसेच दिसत होते. रुपाली भिंतीला टेकून उभी होती. आणि खुर्चीत तो. मला बघून उठला. डावा पाय आधी.

"मिसेस डबीर," कीन म्हणाले, "तुम्ही जे प्रश्न विचारत होता ते या देशात कोण विचारतं, ठाऊक आहे?"

"आता कळलं. आमच्याकडे मुलीच्या आईबापांनी हेच विचारायचे असतात."

"कशासाठी?"

मी रुपालीकडे पाहिलं. महिनाभर घरात मी तो शब्द काढला नव्हता, राजारामनं काढला की विषय बदलत होते. आता पोलिसासमोर काढावा लागला. "हा मुलगा आमचा जावई होण्याची शक्यता आहे," मी म्हटलं. "म्हणून चौकशी केली."

रुपालीनं मान खाली घातली. वेंडेल माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावर असं हसू आलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. शेवटी कीनही हसले. "मग कोण आहात ते सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं की खरं कळत नाही."

"माझाही अनुभव तोच आहे," ते म्हणाले. मग पुढे वाकले. "एकच राहिलं, मिसेस डबीर. याच्या दुखापतीबद्दल तुम्हाला कुणी काही सांगितलं?"

वेंडेलचा हात उजव्या गुडघ्यावर गेला. हसू गेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, तो जमिनीकडे बघत होता.

"कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. कीन उठले, हस्तांदोलनाला हात पुढे केला. मी तिथंच थांबले असते तर पोरगा शनिवारी खेळला असता.

"मी पाहिलं," मी म्हटलं. "उजवा गुडघा. त्याला उतारसुद्धा नीट उतरता येत नाही."

"आई!" रुपाली ओरडली.

का बोलले? त्या घटकेला मला वाटलं, मी आईसारखी बोलतेय. शनिवारी हा पुन्हा त्या दोघांच्या खाली जाणार, आणि आत्ताच मी याला जावई म्हणून बसले, ते शब्द घशात असतानाच दुसरे बाहेर आले. असं मला वाटलं.

त्याच दिवशी कॉलेजच्या डॉक्टरनं गुडघा दाबला तेव्हा एवढा मोठा पोरगा कळवळून ओरडला. आतला स्नायुबंध तुटत आलेला होता. ऑपरेशन सांगितलं, आणि हेही सांगितलं की खेळ संपला. धंदेवाईक संघांचे लोक शनिवारी आले, दुसऱ्यांना बघून गेले. त्या मंगळवारीच रुपाली त्याचा दंड धरून निघून गेली, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघंच जेवलो.

रविवारी मी काही करणार नव्हते. राजारामनं सकाळी वांगी आणून ओट्यावर ठेवली. "बोलावलंय ना आपण? मग करायचं." मसालेभात केला, भरली वांगी केली, सावर क्रीमचं श्रीखंड केलं. कुणी येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तिखट नेहमीसारखंच घातलं.

बेल वाजली. दारात वेंडेल, काखेत कुबड्या, गळ्यात टाय.

"मला बोलावलं होतं, मॅम," तो म्हणाला.

मी त्याच्या मागे पाहिलं. रुपालीची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, ती आतच बसली होती.

"तिला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. मग आत यायचं की नाही ते ती ठरवेल."

"आणि तू? तुला राग नाही आला माझा?"

"आलाय बहुतेक," तो म्हणाला. "पण माझ्या आईलाही दिसला होता गुडघा, आणि ती कुणाकडे बोलली नाही. तिचाही आलाय. कुणाचा जास्त, ते कळत नाहीये."

राजाराम त्याला आत घेऊन गेला. मी स्लीपर घालून रस्त्यावर आले. पुढची सीट त्याच्या पायासाठी पार मागे सरकवलेली होती, तिच्यावर बसवेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं रुपालीच्या मागे जाऊन बसले. रुपालीनं वळून पाहिलं नाही.

पाच रात्री मी उत्तर तयार करत होते. ती विचारणार, आई, खरं सांग, त्याच्या गुडघ्यासाठी बोललीस की त्याला घालवायला? मी सांगणार होते, दोन्ही गं. आधी कुठलं ते माझं मलाच ठाऊक नाही. माझा इतरांवर संशय असतो तसा या वेळी स्वतःवरच होता, आणि तेवढं प्रामाणिकपणे सांगितलं तर ती विरघळेल असं मला वाटत होतं.

तिनं ते विचारलंच नाही.

"तू पहिल्यांदा कधी पाहिलंस?"

मागच्या शनिवारी, असं म्हणता आलं असतं. राजारामलासुद्धा खरं ठाऊक नव्हतं. पण या पोरीपासून मी लपवलं असेल, तोंडावर खोटं कधी बोलले नाही.

"ऑक्टोबरात," मी म्हटलं. "पहिल्याच मॅचला."

"त्यानंतर तो प्रत्येक गेम खेळला."

"हो."

"आणि तू बघत होतीस."

"हो."

"दुर्बिणीतून."

"हो, रुपाली."

"डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला थांबला असता तर तो हील झाला असता. पुन्हा खेळला असता." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मला फोन करायचास, आई. मला एक फोन."

ते वाक्य मी घासूनपुसून ठेवलं होतं, फसवण्याबद्दलचं, ते आता तिला म्हणून दाखवायचं का?

तिनं किल्ली काढली, पर्समध्ये टाकली. दार उघडून उतरली. मला वाटलं, माझ्या बाजूनं येईल, पण ती सरळ घराकडे गेली. राजारामनं दार उघडलं, आतून वेंडेलचा काहीतरी बोलल्याचा आवाज आला, आणि ती त्याच्याजवळ आत गेली. मी मागच्या सीटवर बसून होते.